सातवा पर्याय: सरकारी इलेक्ट्रिकल की पुण्यातलं कॉम्प्युटर?

पार्श्वभूमी

हे २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं प्रकरण आहे. कुटुंब बार्शी तालुक्यातलं. वडिलांचं छोटं कृषी सेवा केंद्र, आई घरी शिवणकाम करते, आजी सोबत राहते आणि धाकटा मुलगा नववीत आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत, प्रवर्ग ओबीसी. थोरल्या मुलीने बारावी विज्ञान तालुक्याच्या गावातूनच केली. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर जून-जुलैला पालकांसोबत पर्याय अर्जाच्या (हवी ती कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या अर्जाच्या) याद्या तपासतो. त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलं. ओळख पटू नये म्हणून ज्या चार कॉलेजांत खरी निवड झाली त्यांची नावं देत नाही. खर्चाचे आकडे मुलीच्या वडिलांनी वहीत मांडले तेच आहेत, फक्त पूर्ण हजारांत.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत तिला ९५ पर्सेंटाइलच्या आसपास गुण मिळाले. घरात पेढे वाटले गेले आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के नव्हेत. त्या वर्षी पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती, म्हणजे तिच्या पुढे साधारण एकवीस हजार विद्यार्थी होते. पुण्याचं १८५४ पासूनचं सीओईपी किंवा माटुंग्याची व्हीजेटीआय इथलं कॉम्प्युटर ९९ च्याही बरंच वर बंद होतं. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोललो. त्यामुळे पुढची चर्चा जमिनीवर राहिली.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता प्रश्न नेहमीचाच होता: पैसे किती, गाव कोणतं, नाव कुणाचं मोठं. पण घरातल्या प्रत्येकाने या तिन्हींतला एकेक धरून ठेवला होता. वडील म्हणत, जिथे कमी पैसे तिथे. आईला मुलगी नातेवाइकांच्या जवळ हवी होती. पुण्यात कंपनीत असलेला धाकटा काका फोनवर रोज सांगायचा, "दादा, पुणं आणि कॉम्प्युटर, दुसरा विचारच करू नका. शाखा कोणतीही घेतली तरी शेवटी सगळे आयटीतच येतात."

मुलगी गप्प होती. तिला गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून आवडतं, हे मला दोन वर्षं वर्गात दिसत होतं. पण "तुला काय हवंय" असं तिला घरात कुणी थेट विचारलेलं नव्हतं. ते विचारलं गेलं चौथ्या बैठकीत. त्यावर पुढे बोलतो.

शिवाय घाई होती. एका खासगी विद्यापीठाने मे महिन्यातच फोन करून "जागा पक्की करा" असा लकडा लावला होता. सीईटीचा निकालही तेव्हा लागायचा होता.

समोरचे पर्याय

मागच्या वर्षीच्या कटऑफ याद्या काढून बसलो. तिथे एक गोष्ट पालकांच्या हमखास नजरेतून सुटते. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेसाठी होम युनिव्हर्सिटी (बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली ते), त्याबाहेरचे आणि राज्यस्तरीय असे वेगळे रकाने असतात आणि त्यांतले आकडे वेगळे असतात. बारावी सोलापूर जिल्ह्यातून झाल्यामुळे पुण्यातल्या संलग्न कॉलेजांत ही मुलगी बाहेरच्या विद्यापीठाची ठरत होती. सोलापुरात मात्र ती घरची होती. काकाने पाठवलेली "९३ ला मिळतं" ही यादी पुणे विद्यापीठाच्या मुलांच्या रकान्यातली निघाली. रकाना दुरुस्त केल्यावर आणि मुलींसाठीच्या ३० टक्के राखीव जागांचे ओबीसीचे आकडे वेगळे पाहिल्यावर चार खरे पर्याय उरले.

पहिला, पश्चिम महाराष्ट्रातलं एक जुनं सरकारी स्वायत्त कॉलेज, शाखा इलेक्ट्रिकल. गावापासून एसटीने सहा तास.

दुसरा, पुण्यातलं एक नामांकित खासगी स्वायत्त कॉलेज, शाखा कॉम्प्युटर.

तिसरा, सोलापुरातलं खासगी कॉलेज, इथेही कॉम्प्युटर. सत्तर किलोमीटर अंतर, रोज जाऊन-येऊन करता येण्याजोगं.

चौथा, पुण्याजवळचं ते खासगी विद्यापीठ. शाखा कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स. "तुमच्या मुलीला शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे" असं सांगून त्यांनी फी थोडी कमी केली होती आणि पन्नास हजार भरून जागा धरायला सांगितलं होतं.

यांच्या जोडीला मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजचं ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) यादीत होतं. त्याचा विचार झाला, पण उडत उडत.

खर्चाचा हिशेब

माझ्या मते या प्रकरणाची दिशा इथेच बदलली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडिलांच्या डोक्यात फी म्हणजे माहितीपत्रकावरची रक्कम. पुण्याच्या कॉलेजची ती एक लाख साठ हजार होती आणि ती पाहून त्यांनी पहिल्या दिवशीच काट मारली होती. पण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं आहे. त्याआधी ही सवलत निम्मी होती. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही, आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं व अभिमत विद्यापीठं तिच्या बाहेर आहेत.

एवढ्याने चित्र पालटलं. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या त्या एक लाख साठ हजारांत एक लाख चाळीस हजार शिक्षण शुल्क होतं आणि वीस हजार विकास शुल्क. माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला मिळते, विकास शुल्क भरावंच लागतं. म्हणजे पुण्यात वर्षाला वीस हजार विकास शुल्क, सात हजार किरकोळ फी, वसतिगृह ऐंशी हजार, मेस पस्तीस हजार, जाणं-येणं आणि वरखर्च अठरा हजार. बेरीज एक लाख साठ हजार. योगायोगाने आकडा माहितीपत्रकातलाच आला, पण त्यातला मोठा हिस्सा आता राहण्या-जेवणाचा होता, शिकण्याचा नव्हता.

सरकारी कॉलेजात किरकोळ फी बारा हजार, सरकारी वसतिगृह दहा हजार, मेस तीस हजार, प्रवास आणि वरखर्च अठरा हजार, म्हणजे वर्षाला सत्तर हजार. वसतिगृह मिळालं नाही आणि बाहेर खोली घ्यावी लागली तर एक लाख.

सोलापुरात विकास शुल्क आणि इतर मिळून अठरा हजार. महिलांना एसटीत निम्मं तिकीट असल्यामुळे प्रवास चोवीस हजारांत बसत होता. डबा घरचा. वरखर्च धरून सत्तावन्न हजार.

खासगी विद्यापीठाचं मात्र "शिष्यवृत्ती" वजा जाता दोन लाख साठ हजार फी, वसतिगृह आणि मेस एक लाख तीस हजार, वर वीस हजार. वर्षाला चार लाख दहा हजार, चार वर्षांत सोळा लाखांच्या वर. वडिलांनी बँकेत चौकशी केली. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत पतहमी योजनेतून विनातारण मिळू शकतं, त्यापुढे जमीन किंवा घर गहाण ठेवायची वेळ येते. दुकानाचा माल उधारीवर भरणाऱ्या माणसाने तीन एकर आणखी अडकवावे, असं त्या जागेत काहीही नव्हतं. हा पर्याय तिथेच संपला. पन्नास हजार भरायचे नाहीत, हा निर्णय वडिलांनी निकालाआधी घेतला. तो धाडसाचा होता आणि बरोबर होता. मे महिन्यात हातात काहीच नसताना पक्की जागा सोडायला छाती लागते.

टीएफडब्ल्यूएसचाही, म्हणजे ट्युशन फी वेव्हर स्कीमचाही, प्रश्न आला. या योजनेत मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात, त्यांचे सांकेतांक (पर्याय अर्जात भरायचे क्रमांक) वेगळे असतात आणि कटऑफ नेहमीच्या जागांपेक्षा वर जातो. शेजारच्या एका पालकांनी यांना "आधी टीएफडब्ल्यूएस भरा" असं सांगितलं होतं. पण या मुलीला माफी आधीच मिळत होती. तीच गोष्ट जास्त गुण मोजून घेण्यात अर्थ नव्हता, शिवाय त्या जागेवरून पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. टीएफडब्ल्यूएसचे सगळे सांकेतांक यादीतून काढले. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला मात्र मी याच्या नेमका उलट सल्ला देईन.

नावाची चौकशी

पुण्याच्या कॉलेजचं नाव मोठं आहे आणि ते कष्टाने मिळवलेलं आहे, यात शंका नाही. आम्ही प्रश्न एवढाच विचारला, की हे नाव कोणत्या बॅचने कमावलं?

२०२५ साली ज्या बॅचच्या नोकऱ्यांचे आकडे ऐकवले जात होते ती २०२१ साली आत आली होती. तेव्हा तिथे कॉम्प्युटरच्या १२० जागा होत्या. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली आणि बऱ्याच खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढवल्या. या कॉलेजात त्या ३६० झाल्या होत्या. येणाऱ्या कंपन्या तिप्पट झाल्या का? शिक्षक तिप्पट झाले का? कॉलेजच्या संकेतस्थळावर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे शिक्षकांची यादी असते. मुलीने ती उघडून कॉम्प्युटरच्या शिक्षकांच्या रुजू होण्याच्या तारखा मोजल्या. निम्म्याहून जास्त शिक्षक गेल्या दोन वर्षांत आलेले होते. नवे शिक्षक वाईट असतात असं मी म्हणणार नाही, मीही कधी नवा होतो. पण जुन्या बॅचची कीर्ती या ३६० जणांना आपोआप लागू होत नाही, हे तिला कळलं. आणि ते तिने स्वतः शोधून काढलं होतं.

दुसरं साधन एनआयआरएफचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्था क्रमवारीचं. क्रमांकाच्या मागे न लागता कॉलेजने भरून दिलेली माहिती उघडायची. तिथे किती मुलं वेळेत पदवीधर झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचा मध्यक (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळतं तो आकडा) किती, हे तीन वर्षांचं सलग दिसतं. पुण्याच्या माहितीपत्रकावर ४१ लाखांचं सर्वोच्च पॅकेज ठळक छापलं होतं. मध्यक साडेपाच लाख होता. सरकारी कॉलेजचा मध्यक त्याहून किंचित वर निघाला. दोन्ही आकडे सगळ्या शाखा मिळूनचे, त्यामुळे इलेक्ट्रिकलला वेगळं किती, हे कळायला प्लेसमेंट विभागाला फोन करावा लागला. त्यांनी शाखानिहाय यादी पाठवली. त्यात सॉफ्टवेअर कंपन्या होत्याच, शिवाय वीज उपकरणं बनवणारे आणि सौरऊर्जेतले उद्योग होते. महापारेषण आणि महावितरणच्या भरतीत गेलेली, गेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन सार्वजनिक उपक्रमांत लागलेली मुलंही होती.

मान्यतेबद्दल एवढंच, की नॅक हे मानांकन संस्थेचं असतं आणि एनबीए शाखेचं. "आम्ही मान्यताप्राप्त" या वाक्यावर न थांबता कोणती शाखा आणि कुठपर्यंत, हे विचारावं. सरकारी इलेक्ट्रिकलला एनबीए होतं. सोलापूरच्या कॉम्प्युटरला अर्ज केलेला होता.

अंतर आणि राहणं

आईचा मुद्दा मी कधीच किरकोळ मानला नाही. सतरा-अठरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा घराबाहेर पडणार होती, काळजी खरी होती. पुणं तिला जवळचं वाटत होतं ते काकामुळे. पण काका राहतो पिंपरी-चिंचवडमध्ये आणि कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. जुलैच्या एका कामाच्या दिवशी बापलेक काकाच्या घरून सकाळी पीएमपीच्या बसने कॉलेजला निघाले. पोचायला पावणेदोन तास लागले. काकाच्या घरी राहून शिकणं हा पर्याय त्या एका प्रवासात मिटला. त्याच दिवशी हेही दिसलं, की पुण्यात तिला होस्टेललाच राहावं लागणार आणि काका भेटणार तो रविवारीच.

सोलापूर रोज करायचं तर सकाळी सहाची गाडी आणि घरी परत सात-साडेसातला. पैशाने हा सगळ्यात स्वस्त पर्याय होता. पण रोजचे चार तास गाडीत, त्यात प्रॅक्टिकल संपवून शेवटची सोयीची एसटी गाठायची. कॉलेजात संध्याकाळी जे काही घडतं, क्लब, स्पर्धा, वरच्या वर्गातल्या मुलांशी गप्पा, त्या सगळ्याला मुकायचं. मी हे स्पष्ट सांगितलं. खोली घेऊन राहिलं तर सोलापूरचा स्वस्तपणा राहत नव्हता.

सरकारी कॉलेजला दोघं एसटीने गेले, रात्री तिथेच मुक्काम केला. वसतिगृह जुनं आहे, एका खोलीत तिघी. पण आवारातच आहे आणि मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी वीस मिनिटं बसवून सगळं समजावलं. वसतिगृह गुणवत्तेनुसार मिळतं, पहिल्या वर्षाची यादी प्रवेश संपल्यावर लागते आणि सगळ्यांना जागा पुरत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. इलेक्ट्रिकलच्या मशीन लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली भेटल्या. परत आल्यावर मुलगी त्यांच्याबद्दलच बोलत होती.

त्यानंतरच्या बैठकीत मी तिच्या वडिलांना म्हटलं, आज आपण कुणी बोलायचं नाही, तिला बोलू द्या. ती म्हणाली, "पप्पा, मला कॉम्प्युटर नको असं नाही. पण कॉम्प्युटर सगळे सांगतात म्हणून घेतलं असतं. इलेक्ट्रिकल मला समजतंय, त्यात मला पुढे काय शिकायचंय ते दिसतंय. कोडिंग तिथेही शिकता येतं, त्या ताई त्यात मायनर, म्हणजे जोडविषय, करतायत." आई म्हणाली, "मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस?" त्यावर ती काही बोलली नाही.

पर्याय अर्ज: खरा निर्णय इथे झाला

बहुतेक घरांत समजूत असते की निर्णय फेरीच्या निकालाच्या दिवशी होतो. तो पर्याय अर्जातल्या क्रमात होऊन गेलेला असतो.

२०२५ साली कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला कोणताही मिळाला तर तो बंधनकारक. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. नाकारलं तर पुढच्या फेऱ्या बंद. बाकीच्यांना मिळालेली जागा हातात ठेवून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळतो का ते पाहायला, जाता येतं, पण पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, वर अवघड कॉलेजं टाकली तर "नंबर वाया जातो" ही भीती निराधार आहे. यंत्रणा गुणवत्ता क्रमांकाने एकेका विद्यार्थ्याकडे येते आणि त्याच्या यादीत वरून खाली पाहत जाते. वरचं नाही मिळालं म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. दोन, जे कॉलेज दुसऱ्यापेक्षा वर लिहिलं ते मिळाल्यावर खालचं पुन्हा कधीच मिळणार नाही. कारण सरकता येतं ते फक्त वर.

तिच्या यादीत चाळीसच्या आसपास पर्याय होते. पहिले सहा व्हीजेटीआय, सीओईपी, सांगलीचं वालचंद अशा संस्थांतले. मिळण्याची शक्यता फार कमी, पण मिळाले तर कुणाचीच हरकत नव्हती. सातव्यापासून खरी लढाई. काकाचा आग्रह होता, सातवं पुणे-कॉम्प्युटर, आठवं सरकारी इलेक्ट्रिकल. मुलीला सातवं इलेक्ट्रिकल हवं होतं, आठवं मराठवाड्यातलं सरकारी ईअँडटीसी, नववं पुणे. सोलापूर एकोणिसावं.

वडिलांनी मला विचारलं, "सर, तुमची मुलगी असती तर?" मी म्हणालो, याच क्रमाने भरलं असतं. कारणं तीन सांगितली: वर्षाला नव्वद हजारांचा फरक, ३६० जणांच्या गर्दीचा अजून कुणालाच न आलेला अनुभव, आणि तिची स्वतःची ओढ. यांतलं तिसरं नसतं तर मी पहिल्या दोघांवर एवढा जोर दिला नसता. कॉम्प्युटरची मनापासून आवड असलेल्या मुलीला नव्वद हजारांसाठी इलेक्ट्रिकलला ढकलणं मला पटलं नसतं. अर्ज तिने स्वतः लॉक केला.

फेऱ्या

पहिल्या फेरीत सोलापूर मिळालं. बेटरमेंट निवडलं, घरात चलबिचल झाली नाही.

दुसऱ्या फेरीत पुणे-कॉम्प्युटर आलं. इथे सगळं पुन्हा उकरलं गेलं. काकाने स्टेटस ठेवलं, आजीला वाटलं झालं एकदाचं. प्रवेश केंद्रावरच्या एका माणसाने सांगितलं, आत्ताच फ्रीझ केलं नाही, म्हणजे जागा कायम केली नाही, तर होस्टेल हातचं जाईल. होस्टेलचा मुद्दा खोटा नव्हता, पुण्यातल्या मुलींच्या होस्टेलच्या जागा झपाट्याने भरतात. पण पर्याय नववा होता, म्हणजे बंधन नव्हतं आणि बेटरमेंटला गेल्याने पुण्याची जागा जाणार नव्हती. गेली असती ती फक्त वरचं काही मिळालं तरच. आणि वरचं तर तिने स्वतःच वर ठेवलं होतं. मी तिला एकच विचारलं, मागच्या आठवड्यापासून तुझं मत बदललंय का? ती नाही म्हणाली. बेटरमेंट.

तिसऱ्या फेरीत सातवा पर्याय लागला. सहाच्या आत नसल्यामुळे चौथ्या फेरीची वाट मोकळी होती. पण वरच्या सहांतल्या सगळ्यात जवळच्या कटऑफपासून ती दोन पर्सेंटाइलहून जास्त लांब होती. तिथे थांबण्यात काही मिळणार नव्हतं. फ्रीझ केलं आणि दुसऱ्याच दिवशी मूळ कागदपत्रं घेऊन दोघं निघाले.

निकाल

प्रवेशाच्या वेळी कॉलेजने शिक्षण शुल्क मागितलं नाही, हमीपत्र घेतलं आणि महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज भरायला सांगितलं. हे आम्ही आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं. काही ठिकाणी "आधी सगळी फी भरा, नंतर परत मिळेल" असं ऐकायला मिळतं, आणि तेव्हा शासन निर्णयाची प्रत सोबत असलेली बरी.

वसतिगृहाच्या पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. दिवाळीपर्यंत आणखी दोघींबरोबर बाहेर खोली घेऊन राहावं लागलं, मग जागा मिळाली. त्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च सत्तरच्या जागी पंच्याऐंशी हजारांवर गेला. इंग्रजीतून सलग शिकवण्याची सवय व्हायला दोन महिने लागले, पहिल्या चाचणीत मेकॅनिक्समध्ये गुण कमी पडले. पहिल्या सत्राचा निकाल मात्र दहापैकी आठच्या वर आला. आई आता महिन्यातून एकदा स्वतः एसटीने जाऊन येते.

तिच्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने पुण्याचं तेच कॉम्प्युटर घेतलं आणि ती तिथे खूश आहे. तिला कोडिंगची आवड आधीपासून होती आणि आईवडील पुण्यातच बदली होऊन गेले आहेत. तिच्यासाठी ते कॉलेज योग्यच होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण या प्रकरणातून "सरकारीच घ्या" असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा ठरेल.

वेगळं काय करता आलं असतं

कॉलेजं जुलैत पाहिली, ती एप्रिल-मे महिन्यात पाहायला हवी होती. तेव्हा वर्ग चालू असतात, मुलं भेटतात आणि डोक्यावर अर्जाची तारीख नसते. सरकारी कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या त्या दोघी भेटल्या हा योग होता. त्यावर निर्णय टांगलेला असणं बरं नाही.

मराठवाड्यातल्या ईअँडटीसीला कुणी गेलंच नाही. पुण्याच्या वर ते आठव्या क्रमांकावर होतं, म्हणजे मिळालं असतं तर न पाहिलेल्या कॉलेजसाठी पुण्याची जागा गेली असती. पर्याय वर लिहायचा तर त्याच्यासाठी एक दिवस काढायला हवा होता, नाहीतर खाली न्यायला हवा होता.

वसतिगृह मिळणार हे गृहीत धरून हिशेब मांडला गेला. वहीत एक लाखाचा आकडा होता, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खोलीची अनामत ऐनवेळी उसनी घ्यावी लागली.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राने शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना पळवलं. प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असणं आवश्यक होतं, घरात होतं ते जुनं. जूनमध्ये तहसीलला एवढी गर्दी असते, की एप्रिलमध्ये अर्ज करणं हाच उपाय. जात पडताळणीचा अर्ज मात्र अकरावीतच केलेला असल्याने ते प्रमाणपत्र वेळेत हातात होतं. ते नसतं तर ओबीसीचा दावा आणि त्यासोबत फी माफी, दोन्ही धोक्यात आलं असतं.

मुलीला विचारायला चौथी बैठक उजाडली. पहिल्याच बैठकीत विचारलं असतं तर कदाचित ती काहीच बोलली नसती, कारण तोवर तिने लॅब पाहिली नव्हती की कुणाशी बोलली नव्हती. तरी मी आता क्रम बदलला आहे. आधी मुलांना दोन-तीन शाखांच्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांशी बोलायला लावतो, कटऑफ याद्या त्यानंतर काढतो.

धाकटा भाऊ आता दहावीत जाईल. मुलींची पूर्ण माफी त्याला नाही. ओबीसी मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते, म्हणजे पुण्याच्या त्याच कॉलेजात त्याला आजच्या दराने सत्तर हजार जास्त मोजावे लागतील. त्याच्यासाठी टीएफडब्ल्यूएसचे सांकेतांक यादीत परत येतील आणि सगळा हिशेब नव्याने करावा लागेल. वडिलांनी त्याच्या बहिणीच्या जात वैधता प्रमाणपत्राची प्रत त्याच्या फाइलला आत्ताच लावून ठेवली आहे. रक्ताच्या नात्यातलं ते प्रमाणपत्र त्याच्या पडताळणीत महत्त्वाचा पुरावा ठरेल.